उशाकडच्या विटा

मला अर्धाच कप चहा ओत रे. थट्टा नाही, माझं पोट वर सरकलंय. जव्हारच्या डॉक्टरनं नळी घालून बघितलं. जठराचं टोक छातीत घुसून बसलंय, हायटस हर्निया म्हणतात त्याला. म्हणाला, "थोडं थोडं खा, जेवून लगेच आडवा होऊ नको. आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा घाल, म्हणजे जळजळ वर येणार नाही."

पोशेऱ्याला घरी येऊन लगेच विटा घातल्या. आईनं बघितलं आणि ओरडली, "अरे, दक्षिणेकडं पाय करून झोपतोस? यमाला बोलावतोस काय?" तिनं उशी उचलली आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला टाकली. विटा मात्र होत्या तिथंच राहिल्या.

आता माझे पाय वर, डोकं खाली. मला वाटलं, उपचार म्हटला की त्रास व्हायचाच. आठवड्यात आंबट पाणी नाकातून यायला लागलं. परत गेलो.

"विटा घातल्यास?"

"घातल्या."

"मग अजून एकेक वाढव."

वाढवली. त्या दिवसापासून सकाळी मी उशीसकट जमिनीवर सापडायला लागलो.

तिसऱ्या खेपेला आई सोबत आली आणि तिनं उशीचं सगळं सांगितलं. डॉक्टरनं कपाळावर हात मारला. "मावशी, पंधरा दिवस पोराला उलटा टांगून ठेवलात तुम्ही!"

आई जराही हलली नाही. म्हणाली, "पण यम आला का?"