टॉवेल घातलेली खुर्ची

गुडघ्याचं काही नाही. गुडघा चांगला आहे. उगाच कोणी खुर्ची माईककडे सरकवू नका, मी उभ्यानंच बोलणार. का, ते सांगतो. पण आधी नावं घेऊन टाकू, नाहीतर सूत्रसंचालक किरण सर मघासारखे डोळे मोठे करतील.

तर, आपल्या संस्थेचे आणि आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष हितेंद्रभाऊ, नवे संचालक डॉक्टरसाहेब, विद्यापीठाकडून आलेले पाहुणे, माझ्यासारखी म्हातारी विश्वस्त मंडळी, आणि समोरच्या बठ्ठ्या, सगळ्याच मायबहिणी, नर्सिंगच्या पोरी-पोरं, त्यांचे शिक्षक. कोणाचं राहिलं असेल त्यानं माझ्या नावानं स्वतःच नमस्कार करून घ्यावा.

आणि ज्यांच्यासाठी हा मांडव, त्या दिपमाला मॅडम. त्या व्यासपीठावर नाहीत. तिकडे पायरीशी शाल-नारळाचं तबक धरून उभ्या आहेत. त्यांचाच निरोप, त्यांनाच घालायची शाल, आणि तबक त्यांच्याच हातात. आहे का नाही कमाल? आणि अर्ध्या तासात हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही.

मी धरणगावहून आलो, उशीर झाला. वर जागा नव्हती. मधल्या खुर्चीवर पांढरा टॉवेल घातलेला, ती एकच रिकामी. मॅडम म्हणाल्या, "नाना, बसा तुम्ही. मी शे उभी." मी बसलो. वर त्यांना म्हटलं, "जरा पाणी सांगा हो." त्यांनी आणूनही दिलं. तेवढ्यात खालून पहिल्या रांगेतल्या पोरी कुजबुजल्या. कानानं मी अजून पक्का आहे.

"मॅडमनी खुर्ची कोठे शे वं?"

"तठे नाना बशेल शेतस ना!"

तेव्हापासून उभा आहे. ती खुर्ची पोरींनी मॅडमांसाठी सजवली होती.

आता सगळेच आपापल्या खुर्च्यांकडे बघू नका. बसा. खुर्चीचं हे आजचं नाही.

किरण सरांनी सांगितलं, मॅडम कौटुंबिक कारणास्तव जात आहेत. त्यांच्या सासूबाई यशोदाबाई समोरच बसल्या आहेत. त्या मला हळूच विचारतात, "कोणतं कारण हो भाऊ? माले तर काहीच माहीत नई." त्यांना कुठून माहीत असणार? कारण त्यांच्या घरात नाहीच. आमच्या ऑफिसात आहे.

ह्या बाईंनी कॉलेज चालवलं, एम.एस्सी. आणलं, आणि दारावरच्या पाटीवर शेवटपर्यंत 'प्रभारी प्राचार्य'. आणि विश्वस्तांच्या गेल्या बैठकीत ठरलं की त्यांच्या डोक्यावर एक संचालक बसवायचा. का? तर म्हणे, नर्सबाई किती का शिकेना, विद्यापीठात वजन पडायला डॉक्टर लागतो. डॉक्टरसाहेब, तुमच्यावर राग नाही. हा गुडघा तुम्हीच सरळ केला. पण हाडं बसवणं वेगळं आणि नर्सेसना शिकवणाऱ्या बाया तयार करणं वेगळं, एवढं सातवी शिकलेल्या माणसालाही कळतं.

कळतं, तरी हात वर केला. सगळ्यांनी केले, मीही केला. बाहेर भरीत-पुरीचा वास सुटला होता, लवकर आटपायचं होतं. लाज वाटते सांगायला. पण तसंच झालं.

आणि माहीत नव्हतं असंही नाही. मॅडमांचं काम मी डोळ्यांनी पाहिलं होतं. शिक्षकांची बैठक असली की त्या स्वतः दाराशी बसायच्या, आणि दर वेळी नव्या बाईला मधे बसवायच्या. बोलायचं तिनं, भांडणं सोडवायची तिनं, चुकलं तर निस्तरायचंही तिनंच. मॅडम तोंड उघडायच्या नाहीत. एकदा मी असाच धडकलो. मधे कोण? रोशनी मॅडम. सातपुड्याच्या पायथ्याची पोर, इथंच शिकली, इथंच शिकवायला लागली. मी विचारलं, "मॅडम कुठे गेल्या?"

ती म्हणते, "नाना, आजची बैठक माझी आहे. बाहेर बाकावर बसा, संपली की बोलावते."

मला! कॉलेजची ही जागा माझ्या वावरातली, मीच दिलेली, आणि मला बाकावर! बसलो धुसफुसत. आत वॉर्डातल्या शिकवणीवरून दोन शिक्षिकांची जुंपली होती. ह्या पोरीनं आवाज न चढवता दोघींना ऐकून घेतलं आणि उद्यापासून कोण कुठे जाईल ते सांगून मोकळी झाली. आमच्या विश्वस्तांच्या बैठकीत असं कधी झालंय का, हितेंद्रभाऊ? आपल्याकडे चहा कोणाला आधी द्यायचा यावरच अर्धा वेळ जातो.

तर मॅडम आपल्यामागे माणूस तयार करत होत्या. आम्ही काय केलं? माणूस तयार असताना बाहेरून वजन मागवलं. आता त्या पारोळ्यावरून पुढे धुळ्याला जातील. तिथल्या कॉलेजानं त्यांना प्राचार्य केलंय, आधी 'प्रभारी' न लावता. चांगलं झालं. आपलं नाक कापलं गेलं, तेही बरंच झालं.

भाऊ, चिठ्ठी पाठवू नका, चष्मा आणलेला नाही. 'आवरा' लिहिलं असेल. आवरतो. बैठकीत वर केलेला हात मी आज ह्या सभागृहासमोर खाली घेतो. पुढच्या बैठकीत प्राचार्य म्हणून रोशनी मॅडमांचं नाव मी मांडणार, आणि त्यांच्या डोक्यावर कोणी नको. तुम्ही पाडा, मी पुन्हा मांडेन.

बोलावलंत, ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्याची रीत मला नाही. कोणाला लागलं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून सोडून द्या. डॉक्टरसाहेबांची मात्र खरंच माफी मागतो, त्यांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

मॅडम, ते तबक द्या इकडे. मी धरतो. तुम्ही वर या, बसा तुमच्या खुर्चीवर.

काय? मोठ्यानं बोला... "मला नको, नाना. तिथे रोशनीला बसवा."

ऐकलं ना, हितेंद्रभाऊ? सगळ्यांनी ऐकलं?

नाही, किरण सर, दोन शब्दही नाहीत. घ्या माईक.