पडद्यावर नसलेली लाइन

(भांडुपची चाळ, सुलक्षणाचं घर. तिचा नवरा नंदकुमार कारखान्यातल्या अपघातात गेला, त्याला दीड महिना झाला. त्याच्यासोबत काम करणारा सुबोध आला आहे.)

सुलक्षणा : चहा नको म्हणताय, पण दोनदा जिन्यातून परत गेलात ते बघितलं मी. बसा. काय झालं, भाऊजी?

सुबोध : चौकशीचा रिपोर्ट वाचलात?

सुलक्षणा : वाचला ना. स्क्रीनवर काहीच इशारा नसताना ऑपरेटर स्वतःच्या मनाने वाफेच्या लाइनकडे गेला. म्हणजे चूक ह्यांची. सासूबाईंचा गावाहून फोन येतो, "माझ्या झिलाचीच चुकी होती काय गो?" काय सांगू मी त्यांना?

सुबोध : इशारा नव्हता, कारण ती लाइनच स्क्रीनवर नव्हती.

सुलक्षणा : मला कळेल असं सांगा.

सुबोध : आमच्या कंट्रोल रूममधले सगळे कॉम्प्युटर एकाच मोठ्या मशीनच्या पोटात चालतात. बाहेर नुसते पडदे. त्या सकाळी ते मशीन बंद पडलं. असं झालं की बॅकअप, म्हणजे जपून ठेवलेली कॉपी, दुसऱ्या मशीनवर चढवायची. ते काम माझं.

सुलक्षणा : मग?

सुबोध : अलीकडच्या कॉपी उघडेचनात. एकही नाही. शेवटी जानेवारीची उघडली. वरून फोनवर फोन, प्लांट चालू करा. केला मी चालू. पण वाफेची नवी लाइन टाकली एप्रिलमध्ये. जानेवारीच्या कॉपीत ती कुठून असणार? तिकडे प्रेशर चढत होतं आणि पडद्यावर सगळं हिरवं.

सुलक्षणा : ह्यांना कसं कळलं?

सुबोध : कानाने. म्हणाला, "पाइप वेगळा वाजतोय रे." मी म्हटलं, स्क्रीन तर ओके आहे. "तरी बघून येतो," म्हणाला. वॉल्व्ह हाताने बंद करत होता. चाक अर्धं फिरलं होतं, तेवढ्यात जोड सुटला.

सुलक्षणा : हॉस्पिटलात चार दिवस एकच विचारायचे, "प्लांट सुरू झाला का?" मी हो म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

सुबोध : वहिनी, अजून आहे. दर तीन महिन्यांनी ती कॉपी चढवून बघायची असते, खरंच चालते की नाही. मग कागदावर सही करायची. मी सह्या केल्या.

सुलक्षणा : आणि चढवून बघितली?

सुबोध : नाही. कधीच नाही. अख्खा दिवस जातो त्यात, आणि विचारणारं कोणी नव्हतं. नंदूने विचारलं होतं. मे महिन्यात, कँटीनमध्ये. "एकदा करून बघूया ना यार, सुट्टीच्या दिवशी मी येतो तुझ्यासोबत." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.

सुलक्षणा : हे कंपनीत सांगितलंत?

सुबोध : आज सकाळी लिहून दिलं. एक प्रत युनियनलाही दिली. नोकरी राहणार नाही बहुतेक. ते जाऊ दे.

सुलक्षणा : रिपोर्ट बदलतील?

सुबोध : माहीत नाही.

सुलक्षणा : तुमच्यावर रागवायची ताकद नाही माझ्यात आज. उद्या येईल कदाचित. मग या घरी येऊ नका.

सुबोध : बरं.

सुलक्षणा : पण आज थांबा. श्रुतिका कॉलेजमधून येईल आता. खाली लोक बोलतात, बाप आगाऊपणा करायला गेला नि मेला. पोरगी ऐकते, वर येते आणि जेवत नाही. हे सगळं तुम्ही सांगा तिला. मी सांगितलं तर वाटेल, आई समजूत काढतेय.

सुबोध : कसं सांगू?

सुलक्षणा : मला सांगितलंत तसंच. आली बघा.

श्रुतिका : सुबोधकाका? तुम्ही कधी आलात?

सुबोध : बस, श्रुतिका. तुझ्या बाबांची चूक नव्हती. माझी होती.

श्रुतिका : बाबांची नव्हती, हे मला माहीत होतं, काका. तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

सुबोध : त्याच दिवसापासून.