बेकरीच्या भट्टीतले चीज बन

लोडशेडिंगचे ते दिवस आठवतात ना? टायफॉइडमधून उठलेल्या माझ्या लेकीनं बऱ्याच दिवसांनी काहीतरी खायला मागितलं होतं, चीज भरलेले बन. दूध, लोणी घालून मळलेले बन मस्त फुगले, ओव्हनमध्ये ठेवले आणि लाइट गेली. मी रडकुंडीला आले. शेजारच्या शालनकाकूंनी ट्रेच उचलला. "रडतीस काय? गाडी काढ!"

पेठेतला बेकरीवाला म्हणाला, "भट्टीत माझं टोस्ट हाईत की."

काकू कडाडल्या, "आजारी पोरीनं आज खायला मागितलंय!"

त्यानं आपले अर्धवट भाजलेले टोस्ट बाहेर ओढले आणि आमचे बन आत सारले.

घरी लेकीनं गरम बन संपवला. काकूंचा हात धरून मी म्हटलं, "तुमचे उपकार..."

"उपकार ऱ्हाऊ देत," काकू म्हणाल्या, "पोरगी दुसरा मागतीया, तो दे आधी!"