श्रावणात सोडलेला मासा

आमच्या शेजारच्या दामूचं ऐका. दर रविवारी गंगापूर धरणावर गळ टाकतो, माशाचा फोटो काढतो आणि मासा सोडून देतो म्हणतो. श्रावणात घरात मासा-मटण बंद, तरी फोटो येतच होते. एकदा त्याची बायको पारू मोबाइल घेऊन माझ्याकडं आली. मागोमाग दामूही आला.

"अण्णा, मासा सोडतात म्हणं. मग फोटोत मागं लिंबू कशाला चिरलंय?"

"सरबताला," दामू म्हणाला.

"आन मसाल्याची पुडी?"

शेवटी मीच दामूला म्हटलं, मासा पाण्यात जाईस्तोवर व्हिडिओ काढत जा.

पुढच्या रविवारी व्हिडिओ आला. मासा शेपटी मारून निघून गेला.

"पारू, आता पटलं ना?" मी विचारलं.

तिनं व्हिडिओ परत एकदा पाहिला.

"हा सोडला, अण्णा. याच्या आधीचा कुठं हाय?"