मोडेमवाला साहेब

गड्याहो, कोनी सोताले तज्ज्ञ म्हटलं की मले तो अमरावतीचा मोडेमवाला साहेबच आठवते. तवा मी पातूरच्या एका कॉलेजात क्लार्क होतो. परीक्षेले बसनाऱ्या पोरांची यादी पाच वाजेपर्यंत कम्प्युटरवरून विद्यापीठाले फोनच्या लाइनीवरून पाठवायची होती. नाही तर साऱ्यांचं वर्ष वाया गेलं असतं. लाइन बरोबर लागे, पन यादी थोडीशी जाय अन् मधातच अडके.

साहेब टाय लावून आला. त्यानं वायर बदलली, कम्प्युटर फोनले जोडनारा डब्बा, म्हंजे मोडेमबी बदलला, तरी यादी तिथंच अडकली. मंग म्हने, “तुमच्या गावची लाइनच भंगार आहे.”

आमच्या ऑपरेटर वंदनाताई म्हनाल्या, “साहेब, मी एक सेटिंग बदलून पाहू का?”

“बाई, तुम्ही टायपिंग करा,” म्हनून तो चहा प्याले गेला.

ताईनं सेटिंग बदलली अन् साडेचारले सारी यादी गेली.

साहेब परत येऊन छाती फुगवून म्हने, “पाहिलं? माझ्या नव्या मोडेमची कमाल!”

ताई म्हनाल्या, “नाही साहेब. कम्प्युटर यादी धडाधड पाठवे अन् मोडेम त्याले ‘थांब, थांब’ म्हनून राहिला होता, अन् तो ऐकतच नव्हता. तुमच्यावानी.”