या वर्षी आमच्याकडे

ती: आता वर जायचं, की जिन्यातच सण साजरा करायचा?

तो: थांब गं. एकदा नीट जुळवू दे. 'आई, तू फार दमतेस. म्हणून या वर्षी आम्ही...'

ती: 'दमतेस' नको म्हणूस. म्हातारी झालीस, असं ऐकू येईल त्यांना.

तो: मग काय म्हणू?

ती: आहे ते. लग्नाला दोन वर्षं झाली, आता एकदा तरी सणाला सगळ्यांना आमच्या घरी बोलवायचंय. तुम्ही, बाबा, आत्या, ताई-भावजी, आमची मित्रमंडळी. बस.

तो: एवढं सोपं असतं तर मागच्या वर्षीच नसतं सांगितलं? अगं, आई लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून सणाचं जेवण तिच्याच हातचं. आम्ही नुसतं स्वयंपाकघरात डोकावलं तरी 'व्हा बाहेर!'

ती: लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना तासन् तास बाहेरून धीर देतोस. रोजचं काम तुझं. आणि आईसमोर वाचा बसते?

तो: त्या लिफ्टमध्ये आई नसते.

ती: ए, कसला वास येतोय?

तो: दूध करपलं कुणाचं तरी. अगं... आईच्याच घरातून येतोय!

(दार उघडतं.)

आई: जिन्यात काय कुजबुज चाललीय मघापासून? या आत. हळू बोला, बाबा झोपलेत.

तो: आई, गॅसवर काय ठेवलंयस?

आई: दूध. तापतंय. का रे?

ती: मी बंद करते! अहो आई, पातेल्याचा कोळसा झालाय.

आई: अगं बाई! आत्ता तर ठेवलं होतं.

तो: आत्ता? खालच्या मजल्यापर्यंत वास आलाय.

आई: नाक चोंदलंय माझं. जा, खाली जाऊन दुसरं दूध घेऊन ये. उठल्या उठल्या चहा लागतो त्यांना.

तो: आई, त्याआधी आम्हाला जरा बोलायचं...

आई: आधी दूध.

तो: बरं, बरं. जातो. तू सांग हं तोपर्यंत!

ती: पळाला. वाटच बघत होता.

आई: काय सांगायचंय? तोंड का उतरलंय त्याचं? काही झालंय का गं?

ती: काही नाही झालं. पण आई, तुमचं नाक चोंदलेलं नाहीये. आवाज तर अगदी स्वच्छ आहे तुमचा.

आई: ती खिडकी उघड आधी. धूर जाऊ दे.

ती: आई.

आई: ...मागच्या वर्षी ताप आला होता ना, त्यानंतर गेलं सगळं. वास नाही, चव नाही. काहीही खा, कापूस चघळल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, येईल परत. येईल तेव्हा येईल.

ती: म्हणजे मागच्या सणाला...

आई: तेव्हाही नव्हतं काही कळत. अंदाजाने केलं. म्हटलं, इतक्या वर्षांची हाताला सवय आहे, होईल नीट. मग मीठ घातलं की नाही तेच आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. आणि दारामागून एकेकाची तोंडं बघत उभी राहिले. तुमच्या त्या उंच मित्राने पहिला घास घेतला आणि ग्लास शोधायला लागला. तेव्हाच समजले मी. तुझे सासरे मात्र 'फक्कड!' म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. रात्रभर पाणी पीत होते बिचारे.

ती: बाबांना माहितीये?

आई: मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. पण हल्ली जेवताना आपलं सहज बोलल्यासारखं करतात. 'आज मीठ अगदी बेताचं आहे.' नाहीतर, 'आज तिखटाला हात आखडलास वाटतं.' इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता माणूस.

ती: आणि तुम्ही आम्हाला एका शब्दाने नाही सांगितलंत?

आई: काय सांगू? तू दातांच्या कवळ्या बनवतेस, तो लिफ्ट दुरुस्त करतो. मी जेवण करते. ते पण येईना झालंय, असं कोणत्या तोंडाने सांगू? सण जवळ यायला लागला तशी झोप उडालीय माझी. परत तीच सगळी माणसं, परत तीच तोंडं.

ती: आई, आम्ही काय विचारायला आलो होतो सांगू? रागवू नका हं. या वर्षी सण आमच्याकडे केला तर?

आई: परत म्हण.

ती: या वर्षी सगळ्यांनी आमच्या घरी यायचं. जेवण आम्ही करणार.

आई: सुटले गं बाई! बघतेस काय अशी? रडत नाहीये मी. धूर गेलाय डोळ्यांत.

ती: आणि मी तिकडे जिन्यात शब्द निवडत उभी! वाटलं, तुमचा मान काढून घेतेय असं वाटेल तुम्हाला.

आई: मला नाही वाटायचं. पण तुमची आत्या गप्प बसायची नाही. सुनेने सासूचा सण बळकावला म्हणून साऱ्या नातेवाइकांत बोभाटा करेल.

ती: करू दे. माझं नाव पुढे करा तुम्ही. मीच हट्ट धरला म्हणा. तुमचं कुणाला कळायलाच नको.

आई: तू ऐकून घेशील?

ती: घेईन की. नाहीतरी आमच्या पडद्यांच्या रंगावरूनही बोलतातच त्या.

आई: माझा फोन दे बघू. ...हॅलो, वन्सं? हो, मीच. या वेळी सणाला सगळ्यांनी मुलाकडे जायचंय. ...छे, हट्टबिट्ट नाही धरला तिने. अहो, ऐका तरी. मला वास येत नाही, वन्सं. चवही कळत नाही. ...त्या तापानंतर. ...हो, खारट होतं ते, मला माहितीये. ...नाही, तिला एक शब्द बोलायचा नाही. मला सोडवलंय तिने. ...अहो, तुम्ही कशाला रडताय? ठेवते मी.

तो: आई...

आई: कधीपासून उभा आहेस दारात? आण ते दूध इकडे.

तो: मागच्या सणाला मी काय काय बोललो. 'समुद्र ओतलास का यात?' सगळ्यांसमोर.

आई: बोललास. लोक हसले आणि विषय तिथेच संपला. उपकारच झाले तुझे.

तो: मला सांगायचंस ना गं.

आई: आता सांगितलं ना? किती हलकं वाटतंय! उगाच वर्षभर उरावर धोंडा घेऊन बसले. आणि काय रे, त्या दिवशी भाज्या तू चिरायच्यास. भांडीही तूच घासायचीस. माझ्यासारखं हिला एकटीला आत राबायला लावलंस तर बघ.

ती: ऐकलंस?

तो: ऐकलं. आत्यानेही ऐकलं असेल तिकडे.

आई: आणि मी काय करू गं त्या दिवशी?

ती: काही नाही. बाहेर बसा, सगळ्यांबरोबर.

आई: इश्श! नुसती बसून काय करू? सणाच्या दिवशी बाहेर बसलेच नाही मी कधी. काय करत असता रे तुम्ही सगळे इतका वेळ?

तो: तुला हाका मारत असतो. आई, ये ना. आई, बस ना.

आई: ऐकू यायचं मला. ...या वेळी येईन.