खांबामागचं बाक

हॅलो?… हां, ताई… हो, मीच… हळू बोलतेय, इथे आवाज फार घुमतो… नाही, घशाला काही झालेलं नाही… हो, सव्वा वाजून गेला, दिसतंय मला. घड्याळ समोरच आहे भिंतीवर, एवढं मोठं.

निघालेच… म्हणजे निघालेच होते… नाही, बसमध्ये नाही… रस्त्यावरही नाही अजून… ताई, एक मिनिट. ऐका ना. ओरडणार नाही असं आधी कबूल करा… मी आत अडकलेय.

आत म्हणजे आत. प्रार्थनेच्या जागी… लिफ्टमध्ये कशाला अडकेन, इथे लिफ्ट कुठली… बाहेरून कुलूप आहे दाराला. रखवालदार घरी गेलाय जेवायला. एक ते दोन बंद असतं म्हणे, आतल्या बाजूला कागद लावलाय. बाहेर मात्र ही मोठी पाटी, सर्वांचं स्वागत आहे. स्वागत झालं, आता सोडत नाहीत… हसत नाहीये मी. रडायला येतंय, म्हणून तसं वाटतंय तुम्हाला.

कुठलं?… ते बाकांचं प्रार्थनाघर, चौकातलं… नाही, गालिच्यांचं गेल्या बुधवारी झालं, चटयांचं त्याच्या आधी. हे बाकांचं, दारातच चहा घेणार का विचारतात बघा, ते… हो, तेच. तुमच्याच यादीतलं तिसरं.

लावला ना नंबर. फलकावर लिहिलाय रखवालदाराचा. लावला, तर इथेच वाजायला लागला, आतल्या ऑफिसात. त्या ऑफिसालाही कुलूप… खिडक्या दोन पुरुष उंचीवर आहेत, ताई. त्यात रंगीत काचा. या वयात मी त्यातून उडी मारू का आता?… झाला करून, आरडाओरडाही झाला करून. दार वीतभर जाड आहे… ह्यांना कळवून काय उपयोग? तुमचा भाऊ दीड तासावर कामाला. तो पोचेपर्यंत रखवालदाराचं जेवून, पान खाऊन होईल.

माहितीये मला. दीडला दुकान उघडायचंय तुम्हाला… कोण येणार आहे चष्मा न्यायला?… मग फोन करा त्या बाईंना, अर्ध्या तासाने या म्हणावं… नाही, असं करू नका. आईंना एकटं टाकून जाऊ नका. पाच मिनिटंसुद्धा नाही. अर्धांगाचं माणूस ते, नुसती थुंकी घशात गेली तरी ठसका लागतो, आणि लागला की त्यांना उठून बसता येत नाही… थांबताय ना?… नक्की?… हं.

काय करतायत त्या?… अजून उताण्याच?… ताई, एक वाजता कूस बदलायची असते… नाही, मी येऊन बदलीन हे नाही चालत. दोन तासांच्या वर गेलं की पाठ लाल होते, मग कातडी फुटते, आणि एकदा फुटली की महिना महिना भरत नाही. तुम्ही बदलायची… अहो, लेक तुम्ही आहात त्यांची, मी सून. सुनेला जमतं ते तुम्हाला का जमू नये? मी सांगते तसं करा. फोन स्पीकरवर टाका आणि उशीशेजारी ठेवून द्या, दोन्ही हात मोकळे लागतील… ठेवलात? येतोय आवाज?… हां.

आईंच्या डावीकडे उभ्या राहा. डावीकडे, म्हणजे खिडकीच्या बाजूला. उजवं अंग गेलेलं आहे, ते वर यायला हवं, खाली दबता कामा नये… आधी उजवा हात उचलून छातीवर ठेवा… जड लागणारच. लुळा हात जडच असतो… ठेवला? आता उजवा गुडघा मुडपा आणि पाऊल गादीवर टेकवा. घसरेल, धरून ठेवा… आता एक हात पलीकडच्या खांद्यामागे, एक कमरेमागे. आणि स्वतःकडे… ओढू नका, वळवा. येऊ द्या त्यांना तुमच्या अंगावर… आई, ताई आहेत हो, पडणार नाही तुम्ही… हां… हां…

झालं?… दमलात?… बसा, पण आधी पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, आणि ती लहान उजव्या हाताखाली. टाच घासत नाही ना गादीला?… आता पाठ बघा. लाल आहे?… बोटाने दाबून बघा, पांढरं होतंय का… होतंय? मग ठीक आहे. वाचलो.

हो ताई, दर दोन तासांनी… रात्री पण. अकरा, एक, तीन, पाच. गजर लावते… ह्यांना नाही उठवत, त्यांना सहाला निघायचं असतं… पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील… मी कुठे काही म्हणाले? तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

काय?… हो, वाजवतात ना घंटा, बंद करायच्या आधी… नाही ऐकली मी… डोळे मिटले होते… प्रार्थनेतच, हो, अगदी तल्लीन… रखवालदाराला दिसले कशी नाही म्हणजे… खांबामागे होते. शेवटच्या बाकावर… हो, तल्लीन व्हायला खांबामागे कशाला जायला हवं, बरोबर आहे तुमचं…

झोपले होते.

झोपले होते, ताई. चपला बाकाखाली, पर्स डोक्याखाली, आणि चांगली पाय पसरून… आजच नाही. दर बुधवारी. गेले आठ महिने… हो, सातही ठिकाणी. हे बाकांचं सगळ्यात चांगलं. गालिच्यांचं उबदार आहे, पण कुणीतरी मायेने अंगावर पांघरूण घालायला येतं आणि मला जाग येते. चटयांच्या तिथे म्हातारे घोरतात. घुमटाच्या तिथे एक बाई आहे, कुणासाठी आलात, कुणासाठी आलात, विचारत राहते. पण हाकलत कुणीच नाही. जात विचारत नाहीत, देव विचारत नाहीत, येऊन बसा म्हणतात. मी बसते आणि मग आडवी होते.

नाही. आईंसाठी काही मागितलं नाही. पहिल्या बुधवारी मागितलं असेन, हात जोडता जोडता डोळा लागला… मग तुम्हाला सांगायचे ते? मन भरून आलं, दिवा हलला, ते सगळं? ते येताना बसमध्ये जुळवायचे. तुम्ही दारातच विचारायचात, काय काय मागितलंस, म्हणून तयारी लागायची.

फसवलं?… म्हणा फसवलं. पण मग एक सांगा मला. मागच्या वर्षी मी तुमच्या दुकानात आले होते, आठवतंय? म्हटलं होतं, आठवड्यातून एकदा दोन तास मला मागच्या खोलीत पडू द्या, तेवढा वेळ तुम्ही आईंपाशी बसा. काय म्हणालात तुम्ही?… आठवत नाही ना. मला आठवतं. झोपायला कुणी घराबाहेर जातं का, आई झोपल्या की तूही झोपत जा, म्हणालात. आणि मी देवाचं नाव काढलं, तर दुसऱ्याच दिवशी यादी घेऊन आलात. सात नावं, पत्ते, बसचे नंबर. देवासाठी लगेच दोन तास निघाले, माझ्यासाठी निघत नव्हते. मग काय करायचं होतं मी?

थकलेय मी, ताई. आईंवर राग नाही हो माझा. पण तीनचा गजर वाजला की कधी कधी वाटतं… जाऊ दे… वाटतं, हे संपावं. कुणाचं ते नाही म्हणत. नुसतं संपावं.

ताई?… ताई, फोन अजून स्पीकरवर आहे?

उशीशेजारीच?

…

आई?… आई, ऐकलंत तुम्ही?… सावकाश, घाई नका करू. ताई, मध्ये बोलू नका, शब्द काढायला वेळ लागतो त्यांना… हो… काय माहीत होतं?… पहिल्यापासून?… पण कसं?

गालावर.

बाकाच्या पट्ट्या… हो, आहेत फटी या बाकांना… आणि गालिच्याची नक्षी… मी आरशात बघायचेच नाही, आई. आल्या आल्या हात धुवायचे आणि सूप भरवायला बसायचे तुमच्यासमोर, तसाच गाल घेऊन… आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?

बोललं तर बुधवार जाईल म्हणून…

नाही, रडत नाही मी… हं. रडतेय.

इथे?… इथे आता कुणीच नाही… वर? वर काय आहे म्हणजे?… थांबा, आडवी होऊन सांगते. तुम्हाला दिसेल तसं… हं. छत खूप उंच आहे. लाकडी, होडी पालथी घातल्यासारखं. पंखा नाहीये, आई. तुमच्यासारखा डोक्यावर तोच तो पंखा नाहीये. एक कबूतर आहे, तेही माझ्यासारखंच आत राहिलंय. काचेतून ऊन येतंय, निळं. माझ्या पायापर्यंत आलंय… आवाज? काहीच नाही. रस्ता ऐकूच येत नाही इथे.

ऐकायचंय?… नुसतं?… मी बोलूही नको?… बरं. फोन बाकावर ठेवते. ताई, तुम्ही पण बसा तिथेच, बोलू नका. दोनला अजून वेळ आहे.

…

…

आई, किल्ली वाजली… रखवालदार आला… हो दादा, होतं आत कुणीतरी, मीच होते… नाही नाही, तुमची काही चूक नाही, खांबामागे होते मी… हो, घरी काळजी करत होते, तेच आहेत फोनवर…

आई, दार उघडलं. आता निघते, अर्ध्या तासात पोचते… काय?… अजून पडू इथेच?… पण तीनची कूस… कोण?… ताई बदलतील?… दुकान राहू दे म्हणतायत?… त्यांनाच बोलू द्या… ताई, खरंच?

बरं.

बरं, आई, ठेवत नाही फोन…

दादा, जरा थांबता का? एक काम होतं… ते दार आणखी अर्धा तास लावून घ्याल?… हो, मी आत असतानाच. बाहेरून.